मामांचा कोरडा सदरा

मामांच्या ट्रंकेत बर्फाचं पाणी मी ओतलं. मुद्दाम नाही ओतलं, हे इथंच सांगून टाकतो, कारण त्या वेळी ते कुणालाच सांगायचं धाडस मला झालं नाही.

झालं असं की, टेबलफॅनसमोर बर्फाचं घमेलं ठेवलं की खोली थंडगार होते, असं आमच्या ऑफिसातल्या एका शहाण्यानं मला सांगितलं होतं. (त्याच्या स्वतःच्या घरी दोन एसी आहेत, हे त्यानं नंतर सांगितलं.) मामा सकाळीच गावाहून आले होते आणि आंघोळीला गेले होते. ते बाहेर येण्याच्या आत त्यांची खोली गार करून त्यांना चकित करावं, म्हणून मी टेबलावर पंखा मांडला, समोर घमेलं ठेवलं, आणि पंख्याची वायर प्लगपर्यंत पोचेना म्हणून जरा ओढली. जराच. घमेलं कलंडलं आणि खाली टॉवेल काढण्यासाठी उघडी ठेवलेली मामांची लोखंडी ट्रंक होती, तिच्यात बरोब्बर रिकामं झालं. एक थेंब फरशीवर सांडला असेल तर शपथ.

ट्रंकेत चार सदरे, चार पायजमे आणि तळाशी तपकिरी कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेला विटेएवढा एक गठ्ठा होता. सदऱ्यांचं काही नाही, पण तो गठ्ठा पाणी पिऊन जड झाला होता. मी तो माझ्या बनियननं पुसला, पंख्यासमोर दोन मिनिटं धरला, परत तळाशी ठेवला आणि वर सदरे रचले. तेवढ्यात मामा आले. आमच्या शहरात आंघोळ करून आलेला माणूस अंग पुसायच्या आत पुन्हा भिजलेला असतो. तसे ते भिजलेलेच होते. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे पाहिलं.

"छत गळतं का हो तुमचं, जावईबापू?"

"छे हो!"

"बरं."

त्या 'बरं'नं माझी झोप उडवली.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ती सात वर्षांची असताना तिची आई गेली. वडील फिरतीच्या नोकरीवर, म्हणून मामा-मामींनीच तिला वाढवलं. मामा बाइंडर. एका कोरड्या ठणठणीत गावात त्यांनी चाळीस वर्षं शाळांची पुस्तकं आणि कचेऱ्यांची दप्तरं बांधली. बोटं इतकी कागदाची झालेली की चहाचा कपसुद्धा पान उलटावं तसा उचलतात. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि तेव्हापासून बायकोनं धोशा लावला होता, "मामा, आता आमच्याकडे कायमचे या." मामा टाळत होते. शेवटी म्हणाले, "पंधरा दिवस येऊन बघतो. मग सांगतो." आणि आले कधी? तर भर उन्हाळ्यात, जेव्हा आमच्या शहरात मीठ बरणीतून बाहेर यायला नकार देतं आणि आगपेटीची काडी पेटण्याऐवजी खरवडली जाते.

बायकोनं मला बजावून ठेवलं होतं. "हे पंधरा दिवस मला रजा नाही, तुम्हाला आहे. मामांना जपा. पंधराव्या दिवशी माझा वाढदिवस आहे, त्या दिवशी ते सांगणार आहेत. ते नाही म्हणाले ना, तर मी समजेन की तुमच्यामुळे म्हणाले."

म्हणजे बघा, माझ्या मानेवर काय टांगलं होतं ते.

मामांना आमच्या शहराचा पहिल्या दिवसापासून संशय. नळाचं पाणी वास घेऊन प्यायचे. सकाळी वर्तमानपत्र हातात घेतलं की दोन बोटांत चिमटायचे आणि म्हणायचे, "हे कालचं आहे." तारीख दाखवली तरी पटायचं नाही. "तारीख आजची असेल, कागद कालचा आहे." त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोऱ्या कागदाचा एक तुकडा कायम असायचा. तो कोपऱ्याला धरून कानाशी हलवायचा आणि ऐकायचं, ही त्यांची हवा मोजायची पद्धत. कोरड्या हवेत कागद खडखडतो. आमच्याकडे तो ओल्या रुमालासारखा नुसता लोंबायचा.

"बोलत नाही," मामा म्हणायचे. "मुका झाला बिचारा इथं येऊन."

हे ते कागदाबद्दल म्हणायचे की स्वतःबद्दल, मला कळत नसे.

आणि चौथ्या दिवसापासून मलाही मामांचा संशय यायला लागला.

दुपारी दोन वाजता, जेव्हा आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा सावली बदलायला उठत नाहीत, तेव्हा मामा कापडी पिशवी घेऊन निघायचे. "जरा पाय मोकळे करून येतो."

"या उन्हात? मी येऊ सोबत?"

"तुम्ही झोपा. तुम्हाला सवय आहे."

आणि पाच वाजता परत यायचे ते कोरडे! मी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो तरी पाठीला बनियन पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटलेलं असतं. आणि हा सत्तरीचा माणूस तीन तास भटकून येतो आणि सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही? सहाव्या दिवशी तर मी त्यांच्या हातून पिशवी घ्यायला वाकलो, आणि त्यांच्या खिशातला कागद चक्क खडखडला.

तेवढ्यावर थांबतं तर ठीक. रात्री जेवणं झाली की मामा खोलीचं दार आतून लावून घ्यायचे आणि आतून बारीक टकटक ऐकू यायची. त्यात बायको म्हणाली, "मैद्याचा डबा उतरतोय हो रोज. तुम्ही काही करता का त्याचं?"

"मी मैद्याचं काय करणार?"

"मग मामांना पोटभर मिळत नाही की काय? लाजून मागत नसतील." तिचे डोळे भरले. मी मात्र वेगळ्याच विचारात होतो. त्या गठ्ठ्याच्या. विटेएवढा, सुतळीनं बांधलेला, सगळ्यात तळाशी जपून ठेवलेला गठ्ठा कशाचा असतो? कागदपत्रांचा. घराच्या! मामा गावचं घर विकून आमच्याकडे येणार, म्हणून कागद सोबत आणले, आणि मी ते बुडवले. आता बिचारे रोज वकिलाकडे खेटे घालत असणार. वकिलाच्या ऑफिसात एसी असतो. म्हणून सदरा कोरडा! सगळं जुळलं. टकटक आणि मैदा तेवढा जुळला नाही, पण एवढ्यातेवढ्यासाठी मी चांगला संशय सोडणाऱ्यातला नाही.

बाराव्या दिवशी मी त्यांच्या मागे निघालो.

पाठलाग करणं थंड देशात सोपं असावं. मामा भिंतीच्या सावलीतून, दुकानांच्या छपराखालून, पुस्तकाची ओळ वाचावी तसे सरळ चालले होते आणि मी वीस पावलं मागे, घामानं डोळे चुरचुरताहेत, चष्म्यावर वाफ, चपला पायातून निसटताहेत. दोनदा मी भलत्याच म्हाताऱ्याच्या मागे गेलो. त्यातल्या एकानं वळून विचारलंसुद्धा, "काय पाहिजे?" शेवटी मामा मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या एका इमारतीत शिरले. पाटी वाचायला मी चष्मा पुसला, बनियननं पुसला, म्हणजे आणखी ओला केला. पण वकिलाची पाटी एवढी रंगीत नसते, एवढं कळलं. ते घरगुती यंत्रांचं दुकान होतं. फ्रिज, कपडे धुवायची यंत्रं आणि मागच्या भिंतीवर ओळीनं चालू ठेवलेले एसी.

आत जाताच अंगावरून गार झुळूक गेली आणि मी कशासाठी आलो तेच क्षणभर विसरलो. मग मामा दिसले. विक्रेत्यानं त्यांच्यासाठी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं.

"या काका! आज कोपऱ्यातलं घेताय ना?"

"कोपऱ्यातलं राहिलंय. बघू, काय दम आहे."

मी चटकन एका फ्रिजमागे झालो. तिथून नीट दिसेना, म्हणून फ्रिजचं दार उघडून त्याच्या आडून पाहिलं. दार उघडल्यावर आतला गारवा लागला. मग डोकं आत घातलं. तेही नीटच पाहता यावं म्हणून.

"साहेब!" दुसरा विक्रेता माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. "काय चाललंय?"

"मी... त्या काकांवर लक्ष ठेवून आहे," मी कुजबुजलो.

त्याचा चेहरा बदलला. "काकांवर? काका आमचे आहेत. नऊ दिवस येताहेत. प्रत्येक मशीनसमोर एक-एक दिवस बसले. कुठलं मशीन हवेतलं पाणी किती ओढतं, हे आता आम्हीच त्यांना विचारून गिऱ्हाइकाला सांगतो. तुम्ही कोण?"

मी उत्तर द्यायच्या आत मामांचा आवाज आला. मान न वळवता.

"जावईबापू, आधी त्या फ्रिजचं दार लावा. थंडावा चाललाय त्यांचा."

मी दार लावलं आणि शाळेत बाकावर उभं राहायला जावं तसा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. स्टुलाशेजारच्या खोक्यावर, एसीच्या झोताखाली, दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेली एक वही होती. नवा पुठ्ठा, नवा कापडी कणा. कडेला मैद्याची खळ अजून ओलसर चमकत होती.

"मामा, हे घराचे कागद...?"

"कुठल्या घराचे? मी भाड्याच्या घरात राहतो."

त्यांनी वरची फळी बाजूला करून वहीचं पहिलं पान उघडलं. पेन्सिलीतलं बारीक, तिरकं अक्षर. ती माझ्या बायकोच्या आईची स्वयंपाकाची वही होती. तीस-पस्तीस वर्षं मामींनी जपलेली. भाचीच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून मामा बांधून घेऊन आले होते. तिला कळू नये म्हणून ट्रंकेच्या तळाशी.

"नशीब पेन्सिलीनं लिहायची ती," मामा म्हणाले. "शाई असती तर एव्हाना सगळं निळं झालं असतं. शिवण उसवली, पानं सुटी करून इथं वाळवली, रात्री खोलीत हातोडीनं भोकं ठोकून पुन्हा शिवली. पण तुमच्या घरात खळ वाळतच नाही. तिथं ठेवली तर चार दिवसांत बुरशी. म्हणून इथं."

माझ्या तोंडाला कोरड पडली. आमच्या शहरात पहिल्यांदाच माझा एखादा भाग कोरडा झाला असेल. "मामा, ते पाणी..."

"पहिल्याच दिवशी कळलं. गठ्ठ्याखाली बर्फाचा खडा होता. छतातून बर्फ गळत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

मामांनी खिशातला कागद काढून कानाशी हलवला. तो छान खडखडला. पण त्यांचं लक्ष कागदाकडे नव्हतं.

"आधी वाटलं, मी नको असेन तुम्हाला. पोरीपुढे बोलता येत नसेल, म्हणून असं काहीतरी. मग म्हटलं, नको असलेल्या माणसाला तोंडानं सांगतात. पाणी कशाला ओततील? तेव्हा थांबलो. म्हटलं, बघू, हा माणूस कधी बोलतो."

बारा दिवस! मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो आणि ते माझ्यावर. मी घमेल्याची, टेबलफॅनची आणि ऑफिसातल्या त्या शहाण्याची सगळी हकिगत सांगितली. वकिलाचंही सांगितलं. वकिलावर मामा इतके हसले की विक्रेता पाणी घेऊन धावत आला.

हवेतलं पाणी ओढण्यात कोपऱ्यातलं मशीन पहिलं आलं. मामांनी पास केलेलं तेच मशीन आम्ही त्यांच्या खोलीत बसवून घेतलं.

पंधराव्या दिवशी बायकोनं वही उघडली. सुरुवातीला तिला काही कळलंच नाही, नुसती पानं उलटत राहिली. मग एका पानाच्या कडेला थांबली. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पोरीला तिखट सोसत नाही. तिचं आधी बाजूला काढून ठेवणे.' तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मामा, एवढी जुनी वही, एवढी छान कशी राहिली?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मीच बोललो. घमेल्यापासून फ्रिजपर्यंत सगळं. बायको म्हणाली, "आईच्या वहीवर? बर्फ? तुम्ही?" आणि मग हसता हसता रडली, की रडता रडता हसली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. शेवटी डोळे पुसून तिनं विचारलं, "मामा, पंधरा दिवस झाले. आता सांगा."

मामा तरीही माझ्याकडेच पाहत राहिले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हे तोंडानं सांगायचं काम माझं होतं.

"मामा," मी म्हणालो, "राहा ना आमच्याकडे. मलाही हवे आहात तुम्ही."

मामांनी खिशातला कागद काढला, कानाशी हलवला, नीट घडी घालून परत ठेवला आणि म्हणाले, "राहतो, पण ट्रंकेला कुलूप लावून."