तिसरी थाळी मात्र पांढरीच राहिली

आधीच सांगतो, मी या गोष्टी मानणारा माणूस नाही. सारंगखेड्याजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. कावीळ उतरवणाऱ्या बायकांचा प्रयोग दरवर्षी पोरांना करून दाखवतो... आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळायचा, हात चुन्याच्या पाण्यात घालायचा, पाणी पिवळं. झाली कावीळ बाहेर! पोरं हसून हसून बेजार होतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाला कावीळ झाली. दादाच्या रक्तात हेपटायटीस बी आहे, रक्तदान शिबिरात कळलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या होत्या, पण "बरं वाटतंय ना, मग कशाला?" म्हणून त्याने स्वतःच बंद केल्या. आता डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. मी म्हणालो, दवाखान्यात चल. पण वहिनीचा विश्वास शेजारच्या गावच्या रखमामावशीवर. ती कावीळ उतरवते. मी खूप चिडलो, वाट्टेल ते बोललो. शेवटी वहिनी म्हणाली, "भाऊ, तुम्ही तिले खोटी पाडी दखाडा, मंग मी आजच दवाखानामा लई जाऊ देसू."

म्हटलं, ठरलं! थाळी माझी घेतली, चुना माझा, पाणीही घरचं. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिच्या ओट्यावर. मावशीचे हात मी स्वतः साबणाने धुतले, कोपरापर्यंत. दादाचेही धुतले. ती नुसती बघत होती.

तिने दादाचे हात चुन्याच्या पाण्यात चोळले... आणि पाणी पिवळं झालं.

आता वहिनी दवाखान्याचं नावही काढू देणार नाही! मी थाळी ओतली, घासली, परत पाणी केलं, परत सगळ्यांचे हात धुतले. परत पिवळं, आणि आधीपेक्षा गडद. मग तिसऱ्यांदा पाणी बदलून तिला माझे हात चोळायला लावले. पाणी पांढरंच राहिलं. अहो, याला विज्ञानात काय म्हणायचं?

वहिनीने हात जोडले. पण मावशीचाच चेहरा उतरला होता. ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सर, देवनी आण, आज मी हातले काहीच लायेल नही. ह्याले दवाखानामा लई जा. आत्तेच जा." मग वहिनीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मन्हा हातनं काम नही हाई. जा!"

वहिनीने तिचं मात्र ऐकलं. दुपारपर्यंत आम्ही नंदुरबारला.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, दोन विषाणू आहेत. जुना बी तर आहेच, त्यावर आता खराब पाण्यातून आलेला ई बसलाय. आधीच दुखऱ्या लिव्हरवर दुसरी कावीळ म्हणजे जिवाशी खेळ. अजून आठवडाभर घरी काढला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले.

दोन. आणि थाळ्याही दोनच पिवळ्या झाल्या होत्या. हा योगायोगच असणार. पण मला स्वतःची लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची... त्या सकाळी दादाला उचलून सरळ दवाखान्यात न्यायचं सोडून मी एका म्हातारीला पकडायला निघालो होतो.

दादा महिन्याभराने घरी आला. आता गोळी घेतल्याशिवाय वहिनी त्याला चहा देत नाही.

मी पेढे घेऊन मावशीकडे गेलो. कावीळ उतरवायची तिची परात भिंतीला उपडी टेकवलेली होती. कोणी आलं तर ती आता रक्त तपासायला पाठवते म्हणे. मला पाहून तिला केवढा आनंद झाला! पेढ्यांकडे बघितलंही नाही.

"सर, मी तुमनीच वाट दखी ऱ्हायनू. इतला वरीस साल चोळी चोळी मी लोकेसले फसाडं, ते माले ठाऊक शे. पन त्या दिनले पानी कसं पिवळं व्हयनं? तुम्ही शिकेल मानूस... सांगा ना."

"बघून सांगतो, मावशी," मी म्हणालो.

अजून सांगितलेलं नाही.