अंगठ्यानं उडवलेलं पान

ये वं, कागदातूनच का होईना, अशी जवळ सरक. अन् ते "मावशी, माझ्यापाशी लपवण्यासारखं आहे काय" हे बोलणं सोड बरं. मागच्या वेळीही हेच म्हणून गेलीस. लपवणारे सगळे काही चोर नसतेत. ऐक.

मी जो ब्राउझर तपासते ना, तो कोण्या कंपनीचा नाही. ठिकठिकाणचे लोक मिळून बनवतेत अन् फुकट वाटतेत. आपण काय पाहतो यावर पाळत ठेवणाऱ्या जाहिराती तो अडवते. शिवणक्लास बंद केल्यावर मी त्यातलं मराठी तपासायले लागली, मग हळूहळू बाकीचंही. चुकत-चुकत शिकली. नवी आवृत्ती सगळ्यांकडे जायच्या आधी माझ्या फोनवर येते, अन् मी वहीत लिहिते. जोडाक्षरं नीट दिसतेत, ठीक. बंद केल्यावर पाहिलेलं सगळं पुसल्या जाते, ठीक.

क्लासमधली एक पोरगी आता कळमेश्वरले दिली आहे. दर मंगळवारी एस.टी.नं शिवलेले ब्लाउज पोचवायले इकडे नागपूरले येते अन् माझ्याकडे चहा घेते. घरात फोन एकच, तिचा अन् जेठाचा, म्हंजे मोठ्या दिराचा, मिळून. तिनं घरी न सांगता नर्सिंगचा फॉर्म भरला होता. जेठाले कळलं असतं तर फोनही गेला असता अन् मंगळवारही. तिले मीच सांगितलं होतं, "यातच पाहत जा. बंद केलं की मागं काही राहत नाही."

एका मंगळवारी तिनं माझ्यासमोरच ब्राउझर अंगठ्यानं वर सरकवून उडवला. मी सवयीनं परत उघडून पाहिला, तर कॉलेजचं पान जसंच्या तसं, वर तिचं नाव.

"काकू, हे तं गेलंच नाही."

"तू असंच बंद करतेस? रोज?"

"मग आणखी कसं करतेत?"

मी कसं करते? एक-एक पान फुलीनं मिटवायचं, मग मेनूत जाऊन 'बाहेर पडा'. तीस वर्षं पोरींले सुई डबीत ठेवून मशीनवर कव्हर घातल्याशिवाय उठू दिलं नाही, तोच हात इथंही चालला. मी 'ठीक' लिहून राहिली होती, अन् दुनिया अंगठ्यानं उडवून राहिली होती.

पान आम्ही पुसलं. मग ती हळूच बोलली, "शनिवारी जेठ विचारत होते, नागपूरले सारखी काहून जातेस." माझा चहा तसाच राहिला.

मी बनवणाऱ्यांले कळवलं. त्यांनी जुन्या फोनवर करून पाहिलं. असं एकदम उडवलं की पुसायचं काम सुरू व्हायच्या आधीच ब्राउझर बंद पडते म्हणे. एकानं लिहिलं, "मावशी, तुम्ही फारच शिस्तीच्या निघाल्या." मले काही हसू आलं नाही. तिले फोनही करता येईना. उचलला जेठानं तर? पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी गॅलरीत उभी, इकडे गॅसवर वांगे करपून गेले.

मधात दुरुस्त आवृत्ती आली. अंगठा दुखेपर्यंत उडवून पाहिली. दर वेळी पुसल्या गेलं.

तिसऱ्या मंगळवारी ती आली. लेकराले ताप होता म्हणे.

"जेठानं पाहिलं काय वं?"

"काय माहीत, काकू. काही बोलत नाहीत. म्हणूनच तं भेव लागते."

नवी आवृत्ती मी तिच्या फोनात घालून दिली. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पण वहीत 'ठीक' लिहायले आता माझा हात धजत नाही. जे मी करतच नाही, ते मले सुचणार कसं? कोणाची बॅटरी मधातच जात असेल, कोणाचं लेकरू फोन ओढत असेल. तू फोन कशी झटकते-आपटते ते मी पाहिलं आहे. मले तसाच हात पाहिजे. लवकर ये वं, तिच्या परीक्षेच्या आधी. दोन दिवस राह्य अन् तुले वाटेल तसा वापर, मी बाजूले बसून पाहीन.