पोस्टवालीचा कागद

तिला सगळे पोस्टवाली म्हणत. सुरुवात सासूबाईंनी केली. सून हल्ली दिवसभर घरात बसून काय करते, असं एका शेजारणीने विचारलं, तेव्हा त्यांनी "पोस्टचं काम करते" एवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण बचतखात्याचं पुस्तक घेऊन दारात हजर. गैरसमज यथावकाश दूर झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याआधी अकरा वर्षं ती एका छापखान्यात काम करत होती. बिलबुकं, माहितीपत्रकं, दुकानांच्या पाट्या, सगळ्याची अक्षरं तीच कॉम्प्युटरवर मांडायची. छापखाना बंद पडला तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. नवं काम शोधायचं तर कुठून सुरुवात करावी, या विचारात असतानाच तिला प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या दवाखान्याची सगळी छपाई इतकी वर्षं तिच्याच हातून झाली होती. डॉक्टर म्हणाले, "आता कागद कोण वाचतो? सगळे मोबाइलवर असतात. आमचं ते पेज-बिज आहे ना, तेवढं तुम्ही बघा."

तेवढं बघा. दोन शब्द, आणि त्यावर तिची नवी नोकरी उभी राहिली. लेखी काही नाही, बोलणंसुद्धा त्या एका फोनवरच झालेलं.

सुरुवातीला ती आठवड्यातून दोनतीनदा काहीतरी टाकायची. मांजरांच्या लसीबद्दल, कुत्र्यांच्या दातांबद्दल, उन्हात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याबद्दल. तिच्या हाताला छापखान्याचं वळण होतं, त्यामुळे पेज देखणं दिसू लागलं. डॉक्टर खूश झाले आणि खूश झाल्यामुळे आणखी कामं सांगू लागले. दवाखान्याच्या दारावर लावायची वेळांची पाटी तेवढी करून द्या. लसीची तारीख जवळ आलेल्यांना निरोप तेवढे पाठवा. मेहुण्याला भाषणासाठी चार चित्रं हवीत, तेवढी बघा. एकदा कुणाचा तरी हरवलेला पोपट सापडला, तर त्याचा मालक शोधायचं कामही तिच्याकडेच आलं. दोन दिवसांत तीस फोन झाले, आणि पोपट शेवटी डॉक्टरांच्याच गल्लीतला निघाला.

ती नाही म्हणत नसे. घरी कुरकुरायची, पण आपल्यावाचून त्यांचं पान हलत नाही ही भावना तिला आवडायची, हेही खरं होतं. छापखान्याने एका दिवसात घरी पाठवलेल्या बाईला कुणीतरी दिवसातून सात वेळा फोन करतंय, हे काही थोडं नव्हतं. पाहता पाहता एक व्यायामशाळा आणि एक चष्म्याचं दुकानही तिच्याकडे आलं. तिथेही तेच, तेवढं बघा.

तिसऱ्या वर्षी एका मंगळवारी सकाळी ती सासूबाईंचे डोळे तपासायला त्यांना घेऊन गेली होती. औषध घालून बसवलेल्या सासूबाई डोळे मिटून शेजारी बसल्या होत्या, आणि तिने सवयीने मोबाइल उघडला. दवाखान्याच्या पेजवर पावणेबाराला एक निरोप आला होता. कुत्रीने झाडांवर मारायचं औषध चाटलंय, तोंडातून फेस येतोय, घेऊन येऊ का?

तिने उत्तर लिहायला घेतलं. पण पुढच्याच क्षणी तिला वाटलं, दवाखान्यातल्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरही हे पेज उघडं असतं. तिथल्या ताईंनी पाहिलंच असणार. आपण काही डॉक्टर नाही, भलतंच काही लिहून बसलो तर? तेवढ्यात आतून हाक आली, आणि तिने मोबाइल पिशवीत टाकला.

काउंटरवरच्या ताईंनी निरोप खरंच पाहिला होता. पण तो आधीच कुणीतरी वाचलाय असं दिसत होतं. पेज पोस्टवाली बघते, म्हणजे तिने उत्तर दिलं असणार, असं समजून त्या समोरच्या गर्दीकडे वळल्या.

दुपारी दोन वाजता एक निवृत्त बसचालक कुत्रीला चादरीत गुंडाळून, धापा टाकत दवाखान्यात आले. तपकिरी रंगाची, सहा वर्षांची कुत्री. बायको गेल्यापासून घरात तीच त्यांची सोबत होती. डॉक्टरांनी हातातलं काम टाकून तिला टेबलावर घेतलं. चार दिवस सलाइन, चार दिवस धाकधूक. पाचव्या दिवशी कुत्री स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पोस्टवाली त्या दिवशी मुद्दाम दवाखान्यात गेली होती. त्या बसचालक काकांची माफी मागावी म्हणून बाकावर त्यांच्या शेजारी बसली. आपण कोण ते तिने सांगितलं. काकांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "मी मोबाइल हातात धरून बसलो होतो. तुम्ही वाचलंय, असं त्यात दिसत होतं. वाचलंय म्हणजे सांगतीलच, म्हणून थांबलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी दोघींना बोलावून विचारलं की पेजवरच्या निरोपांना उत्तर देणं हे काम कुणाचं. पोस्टवालीने काउंटरकडे पाहिलं, काउंटरवरच्या ताईंनी पोस्टवालीकडे. मग दोघींनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "बरं, यापुढे दोघी जरा बघत जा." आणि ते पुढच्या मांजराकडे वळले.

घरी जाताना ते "बघत जा" तिच्या डोक्यातून जाईना. जे तीन वर्षं चाललं होतं, तेच पुन्हा सुरू झालं होतं, फक्त आता दोघींच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक कोरी वही काढली आणि दवाखान्यासाठी जे जे करेल ते लिहायला सुरुवात केली. निरोपाला उत्तर दिलं, लिहिलं. फोटो मिळवायला तीनदा फोन केले, लिहिलं. एका चिडलेल्या गृहस्थाला शांत केलं, लिहिलं. काउंटरवरचा प्रिंटर का चालत नाही ते फोनवरून सांगितलं, तेही लिहिलं. दोन आठवड्यांनी पोपट, मेहुण्याचं भाषण अशी जुनी कामंही आठवून जोडली आणि मोजलं, तर एकतीस प्रकारची कामं भरली. गंमत म्हणजे, ज्या कामासाठी तिला ठेवलं होतं ते, म्हणजे आठवड्याच्या पोस्ट, त्या दोन आठवड्यांत फक्त तीन झाल्या होत्या, आणि त्यातली एक जुनीच पुन्हा टाकलेली होती. हे तिने कुणी न सांगता वहीत लाल शाईने लिहिलं.

सासूबाईंनी चष्मा लावून वही चाळली. त्यांनी आयुष्यभर घरी शिवणकाम केलं होतं. त्या म्हणाल्या, कापड घेतानाच मी विचारायचे, अस्तर लावायचं का, खिसा हवा का, बटणं कुणी आणायची. न विचारता घेतलेलं एकही कापड सुखाने घरी गेलं नाही. तू इतकी शिकलेली, तुला हे सुचलं नाही? सुनेने मान्य केलं की सुचलं होतं, विचारायची भीती वाटली. विचारलं आणि ते म्हणाले, मग राहू दे, तर?

तरीही ती वही घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांची दुपारची वेळ मोकळी असते, तेव्हा. तिने सांगितलं की आपण नीट ठरवून, लिहून काढूया, कोणतं काम माझं आणि कोणतं नाही. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते दुखावले गेले होते.

"इतकी वर्षं ओळखतो आपण एकमेकांना. आपल्यात कागद कशाला?"

"ओळख आहे म्हणूनच," ती म्हणाली. "परक्या माणसाला मी सरळ विचारलं असतं. तुम्हाला विचारायला संकोच वाटला, आणि त्या संकोचापायी एक कुत्री जाता जाता राहिली."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली आणि वाचू लागले. पोपटापाशी आल्यावर त्यांना हसू आलं. मेहुण्याच्या भाषणापाशी ते ओशाळले. एकतिसाव्या ओळीपर्यंत आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि हे एवढं सगळं तुम्ही करत होता हे मला ठाऊकच नव्हतं, असं हळू आवाजात कबूल केलं.

मग काउंटरवरच्या ताईंनाही बोलावलं. त्या आल्या त्याच मुळी सावध होऊन, कारण पोस्टवालीच्या अंगावरचं काम निघालं तर ते आपल्याच अंगावर पडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तिघं तीन दुपारी बसली. आठवड्याला तीन पोस्ट, ही पोस्टवालीची जबाबदारी. त्यासाठी फोटो शुक्रवारपर्यंत दवाखान्याने द्यायचे, नाही दिले तर पोस्ट लांबल्याचा बोल तिला लावायचा नाही. मजकूर दोन दिवस आधी डॉक्टरांनी पाहायचा, दोनदा बदल सुचवायचे, तिसऱ्यांदा नाही. कौतुकाला आणि वेळांच्या चौकशीला ती कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ उत्तर देणार. आजारपणाच्या चौकशीला मात्र ती हात लावणार नाही. तिथे निरोप येताच आपोआप उत्तर जाईल आणि फोन नंबर मिळेल, आणि तो फोन काउंटरवर उचलला जाईल.

"आणि तो फोन उचलताना समोर रांग असेल तर?" ताईंनी विचारलं. हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की रांग थांबेल, फोन आधी. ते डॉक्टर स्वतः पाटीवर लिहून काउंटरवर लावणार. ताई म्हणाल्या, "मग माझ्या कामाचापण असाच एक कागद करा." डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले, पण तोही झाला.

खरं अडलं ते शेवटच्या दुपारी. वर्षभरात पेजला दहा हजार लोक जोडले गेले पाहिजेत, हे कागदात घाला, असा डॉक्टरांचा हट्ट होता. पोस्टवालीने नकार दिला. तिच्या आयुष्यातला तो बहुधा पहिला स्वच्छ नकार. ती म्हणाली की काम किती करणार आणि कसं करणार ते मी लिहून देते, लोक किती येतील ते माझ्या हातात नाही. डॉक्टर रुसल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसले.

"मीही जनावर बरं होईलच असं लिहून देत नाही," ते अखेर म्हणाले. "इलाज काय करणार ते सांगतो. राहू दे तो आकडा."

कागदाच्या शेवटी तिने स्वतःविरुद्धचं एक कलम घातलं. पेजचा पासवर्ड आजवर फक्त तिच्या मोबाइलमध्ये होता, काउंटरवरचं पेजही तिनेच उघडून दिलेलं. तो द्यायचा राहून गेला असं ती सांगत असे, पण तसं नव्हतं. तो आपल्याकडे असला की आपल्याला कुणी सहज काढणार नाही, असं तिला आत कुठेतरी वाटायचं. तो आता दवाखान्याच्या नावे झाला. आणि यादीबाहेरचं काही नवं काम निघालं, तर आधी दोघांनी बोलायचं, मग करायचं. दोन पानांचा कागद झाला. सह्या झाल्या, मोबदला तोच राहिला.

सगळीकडे असं सुरळीत झालं नाही. व्यायामशाळेच्या मालकाने तिचा कागद उलटासुलटा करून पाहिला, तुम्ही फारच नियमवाल्या झालात असं म्हणाला आणि दुसऱ्याच आठवड्यात काम काढून घेतलं. त्या महिन्यात ती घरात चिडचिडी झाली होती. कागदाचं खूळ आपल्याला नडलं, असंही दोनदा तिच्या तोंडून निघालं. चष्म्याच्या दुकानदाराने मात्र कागद वाचून विचारलं की हे तुम्ही आधीच का नाही आणलंत, मला कायम वाटायचं आपण तुम्हाला जास्तच त्रास देतोय.

काही महिन्यांनी बसचालक काकांच्या कुत्रीची गोष्ट पेजवर लिहावी, असं तिच्या मनात आलं. कागदात होतं, मालकाच्या परवानगीशिवाय फोटो नाही. ती त्यांच्या घरी गेली. काकांनी फोटोला होकार दिला, कुत्रीला अंघोळही घातली, पण गोष्टीचा शेवट मी सांगेन तसाच लिहा म्हणाले. तिने वही काढली. त्यांनी सांगितलं, "लिहा, हे पेज म्हणजे डॉक्टर नव्हे. जनावराला काही झालं तर टाइप करत बसू नका, फोन करा, नाहीतर उचलून घेऊन या."

ती पोस्ट दवाखान्याच्या पेजवर सगळ्यात जास्त वाचली गेली. पुढच्या आठवड्यात फोन करून आलेल्यांत एक ससा होता, दोन मांजरं होती, आणि काउंटरवरच्या ताईंनी प्रत्येक वेळी रांग थांबवली.

आता तिच्याकडे पाच जणांचं काम आहे. संध्याकाळी सहानंतर मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. परवा एक नवरा-बायको आले, नवीन फुलांचं दुकान टाकलेले. नवऱ्याने खुर्चीत बसायच्या आतच सांगितलं की आमचं सगळं तुम्हीच सांभाळा. पोस्टवालीने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, फुलांचे फोटो कोण काढणार?

"ही काढेल," नवरा म्हणाला.

"मी?" बायको म्हणाली. "पहाटे मी बाजारात असते. तेव्हा दुकान तुम्ही उघडता ना?"

दोघं एकमेकांकडे वळून बोलू लागले. बोलता बोलता दुकान कोण झाडतं इथपर्यंत पोचले. पोस्टवालीला घाई नव्हती. तिने पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या पानावर वर तारीख घातली, आणि त्यांचं ठरायची वाट पाहत बसली.