आजाऱ्यांच्या भेटीला आम्ही चौघं

आजाऱ्यांना भेटायला जायला लागलं की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. खिशात हॉस्पिटलचे पास आणि डोक्यात किस्से. पास संध्याकाळी फेकून देता येतात. किस्से मात्र घरापर्यंत येतात आणि जेवताना समोर बसतात.

आम्ही चौघं. खांदा कॉलनीत एका हॉलमध्ये आमची छोटी मराठी मंडळी उपासनेला जमते. तिचे पास्टर, रिक्षा चालवणारा दावीद, रिटायर्ड नर्स रूथमावशी, आणि मी रिटायर्ड शाळामास्तर, म्हणून सगळ्यांचा ‘सर’. रविवारची उपासना संपली की दावीदच्या रिक्षात कोंबून बसायचं आणि मंडळीतलं जे कोणी अंथरुणाला खिळलं असेल त्याच्याकडे जायचं. सात वर्षं झाली. त्यात हसण्यासारखं फार थोडं घडलं.

*

माझी पहिली भेट. डायलिसिसवर असलेले एक काका. मी आदल्या दिवशी वहीत मुद्दे काढले होते, ‘दुःखात विश्वास कसा वाढतो’. तीन मुद्दे, प्रत्येकाला शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन. पस्तीस वर्षं शिकवलंय, तोंड एकदा सुरू झालं की घंटा झाल्याशिवाय थांबत नाही!

तिसऱ्या मुद्द्याला काकांनी हळूच हात वर केला. मला इतका आनंद झाला! म्हटलं, माणूस ऐकतोय, शंका विचारतोय.

‘‘सर, तेवढा पंखा बंद करता का? मघापासून थंडी वाजतेय.’’

परतताना सिग्नलला रूथमावशींनी विचारलं, ‘‘तिसरा मुद्दा काय होता, सर?’’

पंधरा दिवसांनी काका गेले. तिसरा मुद्दा मला आजही आठवत नाही.

*

एक म्हातारी आई, तीन वर्षं अंथरुणावर. मुलगा चांगला नोकरीवाला, आईसाठी दिवसभराची बाई ठेवलेली. पास्टरांनी प्रार्थना सुरू केली, आम्ही माना खाली घातल्या आणि ‘कट्ट, कट्ट’ असा आवाज यायला लागला. रूथमावशी म्हातारीच्या पायाची नखं काढत होत्या.

मुलगा वैतागला. ‘‘अहो मावशी, प्रार्थनेला आलात ना? मग डोळे मिटा की!’’

‘‘डोळे मिटून नखं कापली तर हिचं बोट जाईल, बाबा!’’

प्रार्थना संपली तरी मावशींचा एकच पाय झाला होता. मुलगा खाली बसला.

‘‘दुसरा पाय... मी करू?’’

नेलकटर कसं धरायचं तेसुद्धा त्याला सुचेना. आईचा पाय हातात घेऊन तो नुसता बसून राहिला.

*

दावीदची प्रार्थना एकदा सुरू झाली की मीटर पडलाच! सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघतो आणि पेशंटपर्यंत यायला वीस मिनिटं घेतो. एकदा वॉर्डमध्ये असाच रंगात आला होता. सिस्टर धावत आल्या, ‘‘आमेन म्हणा आता, डॉक्टर राउंडला आलेत!’’

दावीदने डोळे न उघडता म्हटलं, ‘‘प्रभू, डॉक्टर आलेत. आता त्यांच्याकडे बघ. आमेन!’’

त्याच वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर गावाकडून आणलेले एक आजोबा होते, बेशुद्ध. उशाशी त्यांची बायको, आठ दिवस तिथंच. आमचं आवरल्यावर तिने पास्टरांना हाक मारली.

‘‘ओ, जरा हिकडं पन बसा.’’

पास्टर संकोचले. ‘‘आजी, आम्ही ख्रिस्ती आहोत. तुम्हाला चालेल ना?’’

‘‘तुमी आमच्या देवाला नाय मानत, आमी तुमच्या. माजा मानूस तर आता कोनालाच ओळखत नाय. मंग भांडन कुनाचं हाय? बसा.’’

आम्ही बसलो. त्या दिवशी दावीदला एक शब्द सुचला नाही.

पुढच्या रविवारी त्या खाटेवर दुसराच पेशंट होता.

*

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, प्रार्थना विनंतीसाठी. शालिनी नावाची एकटी मुलगी, वडिलांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. एका रविवारी सकाळी तिने मेसेज टाकला, ‘बाबा मोरीत पडलेत, उठत नाहीत. प्लीज प्रार्थना करा.’

ग्रुपवर धडाधड जोडलेले हात आले. माझेही होते. मग आम्ही उपासनेला बसलो. पास्टरांचा उपदेशही सुंदर झाला, शेजाऱ्यावर प्रीती करण्यावर.

दुपारी आम्ही चौघं तिच्याकडे पोचलो तेव्हा बिल्डिंगच्या वॉचमनने आणि दूधवाल्याने मिळून बाबांना पलंगावर आणून निजवलं होतं. शालिनीने आम्हाला पाणी दिलं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली,

‘‘सदतीस जोडी हात आले, सर. मी मोजले. बाबांना उचलायला त्यातली एकही जोडी नव्हती.’’

*

पास्टरांचं चार महिन्यांचं बाळ गेलं. ताप आला आणि दोन दिवसांत गेलं. आम्ही तिघं भेटायला गेलो. मी पुन्हा वहीत वचनं काढून नेली होती, यावेळी शहाणपणाने दोनच.

शास्त्र उघडलं तर पास्टर म्हणाले, ‘‘नको सर. ही सगळी मीच तुम्हाला शिकवलीत.’’

रूथमावशी आत गेल्या आणि पास्टरांच्या बायकोजवळ बसून बाळाचे कपडे घडी करायला लागल्या. दावीद सिंकमधली भांडी घासायला लागला. मी मात्र शास्त्र काखेत धरून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा दारात उभा.

शेवटी पास्टरांनाच माझी दया आली.

‘‘सर, ते ठेवा खाली आणि बादल्या भरायला या. साडेपाचला पाणी जातं.’’

आम्ही दोघांनी पाणी भरलं. पिंप भरलं, बादल्या भरल्या, पातेलीसुद्धा भरली. भरायला काही उरलं नाही तेव्हा ते नळाखाली नुसते हात धरून उभे राहिले.

*

गेल्या वर्षापासून रूथमावशी विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग रविवार, मग आम्ही. आता कामोठ्याला लेकीकडे असतात. एका रविवारी दावीदची रिक्षा गॅरेजला होती आणि पास्टर एका लग्नात अडकले होते. मी एकटाच गेलो.

मावशींनी मला ओळखलं नाही. पण खुर्ची पुढे सरकवली आणि माझा हात हातात घेतला. त्यांना वाटत होतं, पेशंट मी आहे आणि भेटीला त्या आल्यात!

‘‘कुठं दुखतंय?’’

मी हसून म्हटलं, ‘‘कुठं नाही, मावशी.’’

‘‘नीट सांगा. लाजू नका.’’

बायकोलाही न सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, ‘‘दोन वर्षं झाली, मावशी. चारचौघांत प्रार्थना करतो, शब्द भराभर येतात. लोक रडतात. घरी एकटा बसलो की एक शब्द येत नाही. पलीकडे कोणी आहे असंच वाटत नाही.’’

त्यांनी बीपी बघितल्यासारखी मान हलवली.

‘‘झोप लागते?’’

‘‘नाही.’’

‘‘कोणाला सांगितलंय?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं. मी करते प्रार्थना. डोळे मिटा.’’

मी मिटले.

‘‘हे पित्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हा माणूस...’’

आणि थांबल्या. पुढचं काही येईना. खाली भाजीवाला ओरडत होता. हातावरची पकड सैल झाली नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर त्यांचे मिटलेलेच होते आणि ओठ हलत होते, नुसते. लेक चहा घेऊन दारात आली आणि तशीच मागे फिरली.

बऱ्याच वेळाने मावशींनी डोळे उघडले. गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

‘‘कुठपर्यंत आले होते मी?’’

‘‘सगळं झालं, मावशी. फक्त आमेन राहिलंय.’’

‘‘मग तेवढं तुम्ही म्हणा,’’ त्या म्हणाल्या, आणि माझा हात तसाच धरून थांबल्या.