फणसळकर सरांची दुधाळ निवळी

त्र्यंबक फणसळकर ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. रिटायर झाल्यावर त्यांनी डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीत, तळमजल्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये दहावीच्या केमिस्ट्रीचा क्लास काढला. डिग्री बी.एस्सी.ची, पण अख्ख्या नोकरीत टेस्टट्यूब बघितलेली ती फक्त रक्त तपासायला गेल्यावर. कोर्ट मात्र अंगातून गेलं नाही. फळ्यावर समीकरण लिहिलं की खडू कानामागे खोचणार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणणार, घसा साफ करणार आणि सुरू:

"डावीकडे एक पक्षकार, उजवीकडे एक पक्षकार. दोघांची मालमत्ता समान. उजवीकडे ऑक्सिजन कमी? पाण्याच्या पुढ्यात दोन लिहा. पण खालच्या चिमुकल्या आकड्याला जो हात लावेल, त्याने कागदपत्रांत फेरफार केला. पाण्याचं होईल पेरॉक्साइड आणि तुमचं होईल वाटोळं."

आमच्या बॅचमध्ये हे सगळ्यांना येतं, घसा साफ करण्यासकट.

सरांची खरी ख्याती मात्र ऑप्शनसाठी. जुने पेपर चाळायचे आणि जे कधी विचारत नाहीत ते ऑप्शनला टाकायचं, म्हणजे पुस्तकात त्यावर पेन्सिलीने फुली. "हे प्रकरण निकाली," असं म्हणून सर पान उलटणार. फुली मारलेलं ते स्वतःही पुन्हा वाचत नसत.

यंदा समोरच्या बिल्डिंगमध्ये एसीवाला क्लास आला. भिंतभर स्क्रीन, रिसेप्शनला मुलगी, सगळं. आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी हेमांगीकाकूंची वल्लरी यंदाच दहावीत. काकू जे घेतात ते अख्खी बिल्डिंग घेते. त्यांनी पाण्याचा फिल्टर बदलला की महिन्याभरात सगळ्यांकडे तोच. वल्लरी एसीत गेली असती तर मागोमाग सगळी पोरं गेली असती आणि सरांचा क्लास परत नुसता फ्लॅट झाला असता. म्हणून सरांनी रविवारी सकाळी पालकांसाठी डेमो लेक्चर ठेवलं, तेही प्रॅक्टिकलसकट. आम्ही गेल्या वर्षीची पोरं सॅम्पल म्हणून बसलेलो. हुशार दिसायचं, अशी ऑर्डर होती.

टेबलावर ग्लासभर चुन्याची निवळी. पानवाल्याकडचा चुना पाण्यात कालवून, रात्रभर ठेवून, वरचं स्वच्छ पाणी काढलेलं. सरांनी स्ट्रॉ घातला आणि फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. टाळ्या पडल्या. श्वासातला कार्बन डायऑक्साइड हा पक्षकार, चुना हा प्रतिपक्ष, कॅल्शियम कार्बोनेट हा निकाल, असं सगळं सांगून झालं.

इथे थांबायचं ना. पण प्रत्येक पालकाला आपल्या पोराचा व्हिडिओ हवा होता आणि अॅडमिशनच्या दिवसांत सर कुणाला नाही म्हणणार? नवीन पोर, नवीन स्ट्रॉ, ग्लास तोच. मितेशने कान लाल होईपर्यंत फुंकलं. सम्यकच्या पप्पांनी व्हिडिओ आडवा हवा म्हणून परत फुंकायला लावलं. दूध पातळ होत चाललेलं, पण सरांचं लक्ष ग्लासकडे नव्हतंच. ते हेमांगीकाकूंचा चेहरा वाचत होते.

वल्लरीला मानाने शेवटी ठेवलेलं. ती शांतपणे फुंकत राहिली आणि बघता बघता ग्लासातून पलीकडच्या कॅलेंडरवरची संकष्टी दिसायला लागली.

सरांनी आधी ग्लास उजेडात धरला. मग पानवाल्यावर संशय घेतला. मग वाकून अगदी प्रेमाने विचारलं, "बाळ, तू फुंकतेयस की ओढतेयस?"

काकूंची भुवई वर गेली.

"कार्बन डायऑक्साइड जास्त झाला सर," वल्लरी म्हणाली. "मग कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळतं. पुस्तकात आहे."

सरांनी पुस्तक उघडलं. होतं. त्यांच्याच फुलीखाली होतं.

"ते ऑप्शनला आहे," सर म्हणाले. पाण्याने कोर्टाचा अवमान केल्यासारखा सूर होता.

"म्हणजे सर, जे तिला येतं ते विसरायला तुमच्याकडे पाठवायचं?" काकू उठल्या. वल्लरीचा हात धरला, चपला घातल्या आणि गेल्या.

सरांनी कानामागचा खडू काढून खिशात टाकला. परत कानामागे खोचला. आता खुर्च्या सरकणार म्हणून आम्ही कान देऊन बसलेलो. सरकली एकच, मितेशच्या पप्पांची, आणि तीसुद्धा पुढे.

"सर, म्हणजे हे पेपरात येणारच नाही?"

"येत नाही."

"मग अजून काय काय ऑप्शनला आहे?"

सरांच्या चेहऱ्यावर रंग परतला. घसा साफ झाला. जजसाहेबांच्या चालीत एकेक प्रकरण निकाली निघायला लागलं आणि घरी पोरांना सगळं मन लावून कर म्हणणारे आईबाप ते मोबाईलवर भराभर टाइप करायला लागले. सम्यकच्या मम्मीने विचारलं, भूमितीचंही असं काही करता का?

हेमांगीकाकू गेटजवळ उभ्या होत्या. एरवी अशा वेळी त्यांच्या मागे बिल्डिंग असते. या वेळी वॉचमन होता. थोड्या वेळाने त्या परत आल्या आणि मेंटेनन्सची आठवण करून देतात त्या आवाजात म्हणाल्या की सगळी मुलं एकत्र जातायत, वल्लरीला एकटीला लांब, म्हणजे समोरच्या बिल्डिंगमध्ये, पाठवणं बरं नाही. आणि तिला पहिला बाक हवा.

"देतो की ताई, पहिलाच देतो," सर म्हणाले. "फक्त तिला सांगून ठेवा, प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत."

काकूंनी मान डोलावली. वल्लरीला कुणी विचारलंच नाही.