दुसऱ्या मोज्याची टाच

अंगावरून वारं गेल्यापासून बायकोचा उजवा पाय सतत गार असतो. दुकानातल्या मोज्यांचं इलॅस्टिक सुजलेल्या पायात रुततं, म्हणून हातानं विणलेले मोजेच हवेत, असं तिनं ठरवलं. मी फौजेत असताना ती थोडे दिवस माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये होती, तिथल्या शेजारणीकडून विणकाम शिकली होती. आता तिचा एकच हात चालतो. ती पलंगावरून सांगते, मी खुर्चीत बसून विणतो. दोन आखूड सुया एका लवचिक तारेनं जोडलेल्या असतात. त्यांच्यावर गोल गोल विणत जायचं, मोज्याला शिवण येत नाही.

उपचारासाठी आम्ही सांगलीत मुलीकडं राहतो, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी मुलगी-जावई दार ओढून कामाला गेले की आम्ही दोघंच. आल्या आल्या मी बोलून गेलो होतो, "तुझे मोजे झाले की मी कोरेगावला जातो." घर बंद आहे, रानात घेवडा आहे, अशी कारणं दिली. ती खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळं होतं. औषधांच्या वासात, त्या बंद खोलीत माझा जीव घुसमटत होता. मला एकट्यानं निघून जायचं होतं. नोकरीत असताना वर्षानुवर्षं तिला गावी एकटं ठेवलं, तेव्हा निदान ड्यूटी होती.

पहिला मोजा तिनं पास केला आणि उजव्या पायात रोज घालायला लागली. दुसरा मात्र पटेना. पुरा विणून दिला की डाव्या हातानं टाच चाचपायची आणि म्हणायची, "ढिली झालीया. उसवा." मी टाचेपर्यंत उसवायचो आणि परत विणायला घ्यायचो. भावाचा फोन यायचा, "घेवडा काढायला आलाय, कवा येतोस रं?"

"मोजा व्हायचाय अजून."

"अख्ख्या पलटणीचं विणतोयस काय गड्या?"

परवा दुपारी मापासाठी पहिला मोजा तिच्या पायातून काढून घेतला होता, दोन्ही मोजे मांडीवर होते. निघायच्या घाईत मी चुकून पहिलाच तिच्या हातात दिला. तिचं लक्ष खिडकीकडं होतं. टाच चाचपून म्हणाली, "ढिलीच हाय. उसवा."

त्या मोज्याच्या चवड्यावर मालिशच्या तेलाचा डाग होता. मी तो तिच्यासमोर धरला. तिनं डागावरून अंगठा फिरवला.

"ह्यो बी उसवू?" मी विचारलं.

"त्यो ऱ्हाऊ द्या. पाय गार पडतूय." मग खाली बघत म्हणाली, "आवं, दुसराच उसवा."

तेव्हा तिची दया आली, असं लिहायला आवडलं असतं. पण आधी राग आला. दोन्ही मोजे तिच्या पायात चढवावेत आणि दुपारचीच गाडी धरावी, असं वाटलं. तरी मी दुसऱ्या मोज्याचं टोक सोडलं आणि लोकर ओढायला लागलो. तेवढ्यात भावाचा फोन वाजला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"व्हायचाय अजून," मी त्याला म्हणालो.

माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. पलंगावरून बायकोला ती सरळ दिसते.