नवऱ्याचं मॅटरहॉर्न

कुवेतमध्ये चढ बघायचा असेल तर फ्लायओव्हरवर जावं लागतं. अशा देशात, बँकेच्या खुर्चीत अर्धं आयुष्य काढलेल्या माझ्या नवऱ्याने पन्नाशी उलटल्यावर एका शुक्रवारी पोहे खाता खाता जाहीर केलं, की तो मॅटरहॉर्न चढणार.

"ते चॉकलेटच्या पाकिटावरचं?"

"तेच."

पुण्यात असताना दर रविवारी सिंहगड चढायचा, हे त्याचं भांडवल. तो वरच्या पिठलं-भाकरीसाठी जायचा, हे मला माहीत होतं.

उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून सराव बिल्डिंगच्या जिन्यात सुरू झाला. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक, पायात बर्फातले बूट. आमच्या हारिसला, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराला, वाटलं लिफ्ट बिघडली. त्याने मेकॅनिकच बोलावला. मुलीने मला बाजूला घेऊन इंग्रजीत विचारलं, बाबांना डॉक्टरांनी काही सांगितलंय का.

जेवताना तो आम्हाला त्या डोंगराचा इतिहास ऐकवायचा. पहिल्यांदा वर गेले ते सातजण. माथा गाठला, आनंद झाला, आणि उतरताना एकाचा पाय घसरला. सगळे एकमेकांना बांधलेले. मधला दोर तुटला, चौघे खाली गेले, तिघे उरले. मग दोर तुटला की कुणी कापला, यावर लोक वर्षानुवर्षं भांडत राहिले.

"हे ऐकून तुला तिथे जावंसं वाटतं?" मी विचारलं.

"आता दोर चांगले मिळतात," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

शेवटी आम्ही दोघं स्वित्झर्लंडला गेलो. तिथल्या गाईडने आधी एका छोट्या शिखरावर त्याची परीक्षा घेतली. तेवढ्यात मी गावातल्या संग्रहालयात जाऊन आले. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी त्यापेक्षा भरवशाची वाटते. नंतर दफनभूमी पाहिली. डोंगरावर गेलेले बरेचजण आमच्या मुलीच्या वयाचे. संध्याकाळी नवरा पास होऊन आला, तेव्हा मी दोराबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या निवाऱ्यापर्यंत मीही चालत गेले. दुरून जे एवढं सुबक, टोकदार दिसतं ते जवळून चक्क ढिगारा आहे. पालिकेने अर्धवट पाडून सोडलेल्या इमारतीसारखे सुटे दगड. पहाटे अंधारात तो गाईडच्या दोराला बांधून घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "तू नाश्ता करून घे." लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या नाश्त्याची चौकशी केली, म्हणून मला खरी भीती वाटली.

दुपारी तो परत आला. हेल्मेटवर पांढरा ओरखडा, गुडघ्यावर पँट फाटलेली. गाईडने सूप मागवलं. नवऱ्याने चमचा उचलला, पण सूप तोंडापर्यंत पोचेना, टेबलावरच सांडत होतं. मी वाटी त्याच्या तोंडाशी धरली.

माथा बराच वर राहिला होता. तो फार सावकाश चढतोय म्हणून गाईडने मध्येच थांबवलं होतं. उतरताना पायाखालचा दगड सुटला आणि नवरा कड्यावरून लोंबकळला. गाईडने त्याला दोरावर तोलून धरलं.

"मी 'आई गं' ओरडलो," तो म्हणाला. "त्याला वाटलं मी दोर सैल सोडायला सांगतोय. तो म्हणाला, नाही."

मी हसायला लागले आणि मग मला हसू थांबवता येईना, आणि ते हसू राहिलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने वाटी माझ्या हातातून काढून खाली ठेवली.

कुवेतला परतलो तर मराठी मंडळींनी अब्बासियातल्या एका हॉलमध्ये सत्कार ठेवलेला. बॅनरवर 'मॅटरहॉर्न सर' छापूनही झालं होतं. शाल पांघरल्यावर नवऱ्याने माईक घेतला आणि सांगून टाकलं, की तो माथ्यावर गेलाच नाही, उलट उतरताना कड्यावरून लोंबकळला. अध्यक्ष पुढे झाले, म्हणाले, "तरीपण शाल आणलेलीच आहे," आणि नारळ त्याच्या हातात कोंबला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या रत्नागिरीच्या एका चाचांनी विचारलं, "लोंबकळलात तेव्हा काय आठवलं हो?"

"घरचा एसी बंद केला होता का," नवरा म्हणाला. सगळे खूश झाले.

घरी जाताना गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा समोर बघतच तो म्हणाला, "खरं म्हणजे, परत फिरायचं म्हणाला ना गाईड, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला मिठीच मारली. ते स्टेजवर सांगायचं होतं. सांगवेना."

"मला सांगितलंस ना," मी म्हटलं. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली होती.